अस्वलाला वास येऊ नये म्हणून

गराजचं दार कुरकुरत वर गेलं तर गुरुनाथच्या गाडीच्या जागेवर एक होडी आडवी पडलेली. हिरवी, लांबलचक, पोटाशी खरचटलेली. त्याने ब्रेक दाबला आणि इंजिन चालू ठेवून तसाच बसून राहिला. दिवसभरात एवढी एकच गोष्ट विचार न करता व्हायची, ऑफिसातून यायचं आणि ह्या चौकोनात गाडी घालायची. आज तीही राहिली. मग आतल्या दारातून अक्षत बाहेर आला. डोक्यावरचे केस इतके बारीक कापलेले की कानामागचा लहानपणचा टाक्यांचा व्रण इतक्या वर्षांनी पुन्हा दिसत होता. "बाबा, डोन्ट फ्रीक आउट. इट्स जस्ट अ कनू. सेकंडहँड घेतली," तो म्हणाला, आणि गाडीच्या खिडकीपाशी वाकून, जणू पिझ्झा मागवू का विचारावं तशा आवाजात, "मला बेअर टॅग मिळाला, अस्वलाच्या शिकारीचं परमिट, लॉटरीत. सप्टेंबरमध्ये. मिनेसोटात, अगदी कॅनडाच्या बॉर्डरला. यू वॉना कम?" गुरुनाथ म्हणाला, "बघू." ह्या मुलाच्या बावीस वर्षांत त्याच्या प्रत्येक प्रश्नाला तो हेच म्हणत आला होता आणि अक्षतने लहानपणीच ओळखलं होतं की बाबाचं 'बघू' म्हणजे नाही. पण ह्या वेळी अक्षत खिडकीवरचा हात काढेना. "नाही, रिअली. आय वॉन्ट टु गो विथ यू," तो म्हणाला. गुरुनाथने इंजिन बंद केलं. ऑक्टोबरमध्ये अक्षतची तुकडी इराकला जाणार होती.

तुकडी हा शब्दसुद्धा गुरुनाथच्या तोंडात बसत नव्हता. नोव्हायमधल्या, त्यांच्या ह्या अमेरिकन गावातल्या, ओळखीच्या मराठी घरांतली मुलं डॉक्टर झाली होती, वकील झाली होती, एक तर विदूषकाचं शिक्षण घ्यायला माँट्रियलला गेला होता आणि त्याचंही लोकांनी हसून कौतुक केलं होतं. अक्षत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एक दिवस आला आणि लष्करात सही करून आलो म्हणाला. का, असं त्याच्या आईने, सुलेखाने, रडत विचारलं, ओरडत विचारलं, जेवण टाकून विचारलं. तो खांदे उडवायचा. गुरुनाथने विचारलंच नाही. आधी वाटलं, राग ओसरल्यावर विचारू. मग वाटलं, परीक्षा होऊन जाऊ दे. मग आता विचारून काय उपयोग, असं वाटायला लागलं, आणि ह्या तिसऱ्या वाटण्यात तो दोन वर्षं आरामात राहिला. तो सीटबेल्टच्या चाचण्या घेणारा माणूस. भिंतीवर गाडी आदळवायची, आत बाहुले बसवायचे, बाहुल्याच्या छातीतल्या तारांवरून काढायचं की खरा माणूस असता तर बरगडी मोडली असती का. कुठल्या वेगाला मान तुटते हे त्याला पाठ होतं. अलीकडे बातम्या लागल्या की तो रिमोट हातात घेऊन उभाच राही. रस्त्याकडेला फुटलेल्या बाँबचं नाव निवेदक सहज घेई, आणि गुरुनाथचं डोकं आपोआप आकडेमोड सुरू करी, आणि तो टीव्ही बंद करी. ती आकडेमोड थांबवणारा कुठलाही पट्टा त्याच्या कंपनीत तयार होत नव्हता.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पसरलेलाच राहिला. त्यावर जमीन कमी, पाणी जास्त. निळे तुकडे असे सांडलेले की कुणी काचेचं भांडं फोडून केर भरायचं विसरलं असावं. रस्ते नाहीत, मोटारबोटीला बंदी. एका तळ्यातून वल्हवत दुसऱ्या काठाला जायचं, होडी उलटी खांद्यावर घ्यायची, रानातून चालत पुढच्या तळ्याशी न्यायची, पुन्हा पाण्यात सोडायची. तिथे फोन लागत नाही, हे अक्षतने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा गुरुनाथने नकाशावरून मान वर केली. भीतीने नव्हे. फोन लागत नाही म्हणजे कुणी बोलावू शकत नाही. ते दोघं, आठवडाभर, आणि मध्ये पाणी. होडीत पुढे बसणाऱ्याची पाठ मागच्याकडे असते, मागचा सुकाणू सांभाळतो. पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही. गुरुनाथच्या मनाने हे लगेच टिपलं. अशा स्थितीत माणूस काहीही विचारू शकेल.

"मांसाचं काय करणार?" सुलेखाने ओट्यापाशी उभं राहूनच विचारलं. अक्षत खुलला. किती मांस निघेल, ते पाण्यात पिशव्या बुडवून थंड कसं ठेवायचं, कुणाकुणाला द्यायचं, कातडं बेसमेंटमध्ये कुठल्या भिंतीवर. सुलेखा ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी." अक्षतला ती म्हण ठाऊक नव्हती. गुरुनाथ हसला आणि त्याने ती समजावून सांगितली. बऱ्याच महिन्यांत त्या टेबलावर तिघं एकदम हसली नव्हती. हसताना त्याचं लक्ष गेलं, अक्षत डाव्या हाताने नकाशाचा कोपरा दाबून धरतो, अगदी गुरुनाथचे वडील वर्तमानपत्र धरायचे तसा. ज्या आजोबांना त्याने पाहिलंही नाही त्यांचा हात ह्याच्याकडे कुठून आला असेल? शिकार मात्र त्यांच्या घराण्यात कुणी केली नव्हती. ती अक्षत शिकला होता कॉलेजातल्या मित्राच्या वडिलांकडून. दोन हिवाळे त्यांच्याबरोबर हरणांच्या मागे जात होता, आणि गुरुनाथला वाटे तो लायब्ररीत बसतोय. दुसऱ्या कुणाच्या बापाने त्याला श्वास रोखून धरायला शिकवलं, ह्याचा गुरुनाथला मत्सर वाटला. आणि म्हणूनच, 'बघू' न म्हणता तो प्रत्येक गोष्टीला मान डोलवत गेला. पोहता येत नसताना.

"नो बेट," अक्षत म्हणाला. "आमिष नाही लावायचं. आपण बेरींच्या झुडपांजवळ बसायचं आणि वेट करायचं. सगळं वाऱ्यावर आहे, बाबा. वारा त्याच्याकडून आपल्याकडे यायला पाहिजे. त्याला डोळे सो-सो आहेत, पण नाक? मैलभरावरून कळतं." मग तो थोडा अडखळला, आईकडे न बघता म्हणाला, "सो, कपडे सगळे त्या बिनवासाच्या साबणात धुवायचे आणि गराजमध्ये ठेवायचे. आणि, यू नो, फूड. ते अंगातून येतं. तो हिंगाचा वगैरे." गुरुनाथला प्रश्न तांत्रिक वाटला. वासाचा उगम कुठे, तो कमी कसा करायचा. तो सहज म्हणून गेला, "मग जाण्याआधी महिनाभर फोडणी बंद ठेवू या की."

सुलेखाचा हात कढईवर थांबला. तेलात मोहरी तडतडून शांत झाली, मग जळायला लागली, तरी ती हलली नाही. धूर वर गेला, आणि हॉलच्या छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. अक्षत सवयीने उठला, ओव्हनच्या दांडीवरचा पंचा ओढून अलार्मखाली जाऊन झटकायला लागला. हे त्याचं काम, पाच-सहा वर्षांचा असल्यापासून. तेव्हा खुर्चीवर चढून करायचा. अलार्म थांबल्यावर तो वर आपल्या खोलीत गेला आणि मग सुलेखा हळू आवाजात म्हणाली, "फोडणी कधी बंद ठेवतात माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. चंद्रपूरला वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शेजारचे लोक पिठलं-भात आणून द्यायचे, आणि घरात चूल पेटली तर वरण नुसतं शिजायचं, त्यावर चर्र असा आवाज व्हायचा नाही. त्या आवाजाशिवाय संध्याकाळ होतच नाही हे त्याला तेव्हा कळलं. चौथ्या की पाचव्या दिवशी समोरच्या घरातून लसणीच्या फोडणीचा वास आला आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि वडील जाऊन चार दिवस झालेत आणि आपल्याला वरणाची भूक लागली, ह्याची त्याला इतकी शरम वाटली की तो संडासात जाऊन बसला. ते सगळं तो ह्या टेबलापाशी बसून विसरला होता. जिवंत मुलगा समोर बसलेला असताना त्याने आपल्या बायकोला सुतकातला स्वयंपाक करायला सांगितलं होतं. "मी तसं नव्हतं म्हटलं," तो म्हणाला. "तुम्ही कसंच म्हणत नाही," सुलेखा म्हणाली, आणि जळलेली मोहरी तिने सिंकमध्ये ओतली.

पुढचा आठवडा तिने मुद्दाम फोडण्या दिल्या. कढीला, भाताला, काकडीच्या कोशिंबिरीलासुद्धा. घरभर हिंग. कपाटांची दारं, बेडरूमची दारं, जी इतकी वर्षं स्वयंपाकाच्या वेळी बंद ठेवायची शिस्त होती, ती तिने उघडी टाकली. त्या शिस्तीची सुरुवातही अक्षतचीच. पाचवीत असताना एके दिवशी त्याने आपलं थंडीचं जाकीट आपण होऊन गराजमधल्या खिळ्याला नेऊन टांगलं आणि पुढे कायम तिथेच ठेवलं. शाळेत कोण काय म्हणालं ते त्याने सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. दोघांनी फक्त दारं बंद ठेवायला सुरुवात केली. आपण ह्या मुलाच्या गप्प बसण्याभोवती घर बांधत आलो, असं आता गुरुनाथला वाटे. तो काही सांगत नाही आणि आपण एक दार लावून घेतो.

आठवड्याने, अक्षत नसताना, सुलेखा त्याच्यासमोर येऊन बसली. "मी बंद करते फोडणी," ती म्हणाली. "तुम्ही त्याला विचाराल?"

"काय?"

"नको जाऊस म्हणून. काहीतरी वाट असेल. मराठी मंडळातली दीपा सांगत होती, कुणीतरी वकील असतात. विचारा तरी. माझ्याशी तो बोलत नाही. तिथे फक्त तुम्ही असाल."

वाट नव्हती. सही केलेला माणूस जाणार, नाही गेला तर तुरुंगात जाणार, हे गुरुनाथला पक्कं ठाऊक होतं आणि सुलेखालाही असावं. पण त्याला विचारायचं होतं ते वेगळंच. तुला भीती वाटते का? आणि का गेलास? एवढंच. उत्तराने काही बदलणार नव्हतं, पण उत्तर नसताना मुलाला विमानात बसवणं म्हणजे कुणा दुसऱ्याच्याच मुलाला निरोप देण्यासारखं झालं असतं. "विचारीन," तो म्हणाला. सुलेखाने हात पुढे केला. लहान मुलं वचन घेतात तसा त्याने त्यावर हात ठेवला, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात वरण नुसतं शिजायला लागलं. ताकाला जिरं नाही, भाजीला मोहरी नाही. अक्षत म्हणाला, "आई, यू आर द बेस्ट." त्याला त्या शांत कढईचा अर्थ माहीत नव्हता आणि त्याला तो कधी कळू नये ह्यावर दोघांचं न बोलता एकमत होतं.

धुण्याचं काम गुरुनाथने घेतलं. आधी शिकारीचे कपडे धुतले. मग त्याला वाटलं, इतर कपड्यांचा वास ह्यांना लागेल, म्हणून अक्षतचे बाकीचे शर्ट. मग उशीचे अभ्रे, पांघरुणं, टोपी, तो जुना निळा स्वेटशर्ट. बेसमेंटमध्ये मशीन गरगरत असताना तो समोर स्टुलावर बसून राही. गोल काचेतून पोराच्या बाह्या एकमेकींना गुंडाळत फिरताना बघताना त्याच्या लक्षात आलं की आपण अस्वलासाठी धूत नाही आहोत. ह्या मुलाचा माग कुणालाच लागू नये. तिकडे जे कुणी रस्त्याकडेला दबा धरून बसलेलं असेल, त्याच्या नाकाला हा कळूच नये. विचार खुळा होता. बाँबला नाक नसतं. तरीही तो एकेक कपडा नाकाशी नेई, आणि जरा जरी हिंगाचा, घामाचा, अक्षतच्या त्या डोक्याला लावायच्या चिकट क्रीमचा वास आला की पुन्हा मशीनमध्ये टाकी. आणि तिथेच, ओल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी, त्याला एकनाथ आठवे. चंद्रपूरच्या घरी उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि चारोळी घेऊन येणारा एकनाथ. अस्वलाने त्याचा अर्धा चेहरा नेला होता. एक डोळा, गाल, वरचा ओठ. गुरुनाथ दाराआडून बघे आणि बघवत नसे. आईने एकदा विचारलं, कसं झालं रे बाबा? एकनाथ म्हणाला होता, "वारा उलटा होता जी. त्याले माहाच वास नाही आला. आला असता तं बाजूनं निंघून गेलं असतं. तेबी भेलंच न." वास आला असता तर ते बाजूने गेलं असतं; तेही भ्यालंच होतं. मग मी करतोय ते काय? मशीन थांबलं की गुरुनाथ कपडे गराजमधल्या दोरीवर टाकायला जाई, आणि ह्या प्रश्नाचं काय करावं ते त्याला कळत नसे.

जुलैच्या एका रविवारी ते सरावाला केंट लेकवर गेले. गुरुनाथ पुढे, फुगलेलं लाइफ जॅकेट गळ्याशी दाटलेलं. पाणी इतकं जवळ असतं हे त्याला माहीत नव्हतं. किनारा सुटला, सहलीवाल्यांच्या शेगड्यांचा धूर मागे पडला, आणि मग फक्त दोन वल्ह्यांचा आवाज. त्याचं चुकीच्या ठेक्यात पडणारं, आणि मागचं, सावकाश, त्याची चूक सावरून घेणारं. त्याला वाटलं, आता. इथे का नाही? हा लहान तलाव आहे, पण पाठ तर त्याच्याकडे आहे. "अक्षत," तो म्हणाला. "हं?" मागून आवाज आला, जवळून, अगदी मानेपाशी. त्या 'हं'मध्ये काहीतरी तयारी होती. वल्हं थांबलं होतं. समोर लव्हाळ्यात एक बगळा एका पायावर उभा होता. "बगळा," गुरुनाथ म्हणाला. मग, "येस, आय सी हिम," आणि वल्हं पुन्हा पाण्यात पडलं. त्याने स्वतःची समजूत घातली: खरी जागा ही नव्हेच. तिथे, वर, फोन लागत नाही तिथे विचारू. घोडामैदान जवळच आहे. परतताना मात्र त्याच्या मनात येत राहिलं की त्या थांबलेल्या वल्ह्यामागे मुलगा काय ऐकायची वाट बघत होता.

फोन ऑगस्टच्या मध्यावर आला. तिघं बिनफोडणीची खिचडी खात होती. अक्षत उठून बाजूला गेला, "येस सार्जंट," म्हणाला, पुन्हा "येस सार्जंट," म्हणाला, आणि परत येऊन बसला. त्याने चमचा उचलला आणि खाली ठेवला. तारीख अलीकडे आली होती. ऑक्टोबर नाही, ह्याच महिन्याची अखेर. "सो, नो बेअर," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. सुलेखाने गुरुनाथकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हिशोबही नव्हता. अजून दोन आठवडे आहेत, एवढंच त्यात होतं, आणि तेच सहन होण्यासारखं नव्हतं.

दोन आठवडे गेले. अस्वल रद्द झालं तरी सुलेखाने फोडणी सुरू केली नाही; गुरुनाथचं वचन अजून बाकी होतं. लोक भेटायला आले. काका-काकूंनी अक्षतच्या पाठीवर हात फिरवले, 'प्राउड ऑफ यू' म्हटलं आणि पार्किंगमध्ये गेल्यावर आपापल्या मुलांना फोन केले. जायच्या आदल्या दिवशी अक्षत म्हणाला, होडी वर टांगून ठेवू, तुझ्या गाडीला जागा होईल. छताला त्याने आकडे आणि पट्टे बसवले. दोघांनी होडी उचलली, गुरुनाथ पुढे, अक्षत मागे, दोघांची डोकी तिच्या पोटाखाली, आतल्या हिरव्या अंधारात. पुन्हा एकदा पाठ त्याच्याकडे. ह्याहून चांगली संधी देवानेही दिली नसती. गुरुनाथने ओठ उघडले. "नीट धरलंस ना?" त्याने विचारलं. "येस बाबा," मागून उत्तर आलं. मग, "नेक्स्ट इयर. मी परत अप्लाय करीन. ओके?" "बघू," गुरुनाथ म्हणाला, आणि आपण काय म्हटलं ते ऐकून तिथल्या तिथे गार पडला. नाही, नाही, तसं नव्हे, जाऊ, नक्की जाऊ, असं तो घाईघाईने म्हणायला लागला, पण तोवर अक्षत पट्टा आवळायला शिडीवर चढला होता.

निरोपाच्या मैदानात झेंडे होते, बँड होता, कागदी कपातली कॉफी होती. सुलेखाने लाडवांचा डबा दिला. अक्षतने दोघांना एकदम मिठी मारली, आणि नव्या गणवेशाला कसलाच ओळखीचा वास नव्हता.

घरी आल्यावर गुरुनाथने गाडी तिच्या चौकोनात घातली. वर होडीचं पोट. सुलेखा आत न जाता दोरीपाशी गेली. तो निळा स्वेटशर्ट तिने काढला, दोन्ही हातांनी तोंडाशी धरला, आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिने दुसरा शर्ट घेतला. मग तिसरा. मग ती वर अक्षतच्या खोलीत गेली. उशी उचलल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज गुरुनाथ खाली उभा राहून ऐकत होता. ती जिन्यात आली, स्वेटशर्ट खांद्यावर. "ह्याला त्याचा वास येत नाही," ती म्हणाली. "कशालाच येत नाही." ती भांडत नव्हती. मशीन बिघडलंय असं सांगावं तसं तिने सांगितलं. गुरुनाथने जिन्याचा कठडा धरला. घरात बावीस वर्षं राहिलेला मुलगा त्याने स्वतःच्या हातांनी, एकेक बाही नाकाशी नेऊन, पुसून टाकला होता.

"विचारलंत?" सुलेखाने विचारलं.

"नाही."

तिने मान हलवली. ती स्वयंपाकघरात गेली आणि कढई काढली. तेल तापेपर्यंत दोघं तिथेच उभी राहिली. मोहरी टाकली, ती तडतडली, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची, आणि तिने ज्योत कमी केली नाही. तो कित्येक आठवडे न आलेला आवाज घरात घुमला, धूर छताला लागला आणि अलार्म सुरू झाला. दोघांनी वर पाहिलं. दोघंही क्षणभर जिन्याकडे बघत राहिली, सवयीने. अलार्म ओरडत होता. शेवटी गुरुनाथने तिच्या खांद्यावरचा स्वेटशर्ट ओढून घेतला, अलार्मखाली जाऊन उभा राहिला आणि झटकायला लागला. त्याला जमत नव्हतं. त्याचे हात दुखले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मिरचीचं असावं. आवाज थांबला तरी तो झटकत होता. सुलेखाने त्याच्या हातातून स्वेटशर्ट सोडवला आणि नाकाशी धरला. हिंगाचा, जळक्या मोहरीचा, ह्या घराचा वास.

"आता येतोय," ती म्हणाली.

गुरुनाथ तसाच अलार्मखाली उभा होता. तिकडे आत्ता वारा कुठल्या बाजूने वाहतोय, हे कळायला त्याच्याकडे काहीच मार्ग नव्हता.